डाव्या किकची फटफटी

चैत्र अर्धा सरला की आमच्या निरगुडसरात दोन वास एकदम सुटतात. शेतातून उपटलेल्या कांद्याच्या पातीचा, आणि माझ्या पडवीतून पेट्रोलचा. पहिला वास सगळ्या गावाचा, दुसरा माझ्या एकट्याचा. गाडी मी वर्षभर लागेल तशी काढतोच, पण चैत्रात तिचं सगळं अंग खोलतो, धुतो, तेलपाणी करतो आणि पुन्हा जोडतो. शेजारच्या गावांतून जत्रांचे भोंगे ऐकू येत असतात, बांधाबांधावर पातीखाली झाकलेल्या कांद्याच्या ढिगांच्या आरणी लागलेल्या असतात, आणि मी पडवीत पोतं अंथरून नटबोल्ट मोजत बसलेला असतो. बायको म्हणते, लोक चैत्रात देव धुतात, तुम्ही ही धुता. मी म्हणतो, देवाला कार्बोरेटर नसतो.

यंदा असाच बसलो होतो तेव्हा हायवेवर नवीन हॉटेल काढलेले एक गृहस्थ दारात आले. कुणीतरी त्यांना माझ्या गाडीबद्दल सांगितलं होतं. त्यांनी गाडीला दोन चकरा मारल्या, दोन्ही सायलेन्सरांवर हात फिरवला आणि म्हणाले, "विंटेज आहे हो! मला द्या. दारात चौथरा बांधतो, वरून लाईट सोडतो. चालवायची वगैरे नाही, नुसती ठेवायची. लोक फोटो काढतील. तिलाही आता आराम."

मी चहा पाजला. चहा संपल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं.

"बसून करायचं काम ती करत नाही," मी म्हणालो.

त्यांना काही कळलं नाही, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. ते कळायला माझा उजवा पाय माहीत असावा लागतो, आणि अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळाही.

पाय मी दोन वर्षांचा असताना पोलिओने गेला. गेला म्हणजे आहे, पण नुसता सोबतीला. गावाने मला लंगडा म्हटलं त्याचा राग मला कधी आला नाही. लंगड्याला लंगडा म्हणतील नाहीतर काय सरपंच म्हणतील? राग यायचा तो दुसऱ्या एका वाक्याचा. "याला बसून करायचं कायतरी शिकवा." मावशी आली की म्हणायची, गुरुजी म्हणायचे, लग्नात भेटलेला, माझं नावही माहीत नसलेला पाहुणा म्हणायचा. शिंपीकाम शिकवा, घड्याळं दुरुस्त करायला लावा, फोनचा बूथ टाकून द्या. जणू मी जन्माला आलो तोच खाली बसायला. शेवटी मंचरला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायला शिकलो, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायची. काम मला आवडलं, अजूनही आवडतं. पण ते बसून करायचं म्हणून माझ्या पदरात टाकलेलं आहे, हे मी एक दिवसही विसरलो नाही.

कुठे जायचं म्हणजे कुणाच्या तरी मागे बसून जायचं. मागे बसणाऱ्याचं जगणं पुढे बसणाऱ्याला कधी कळत नाही. तो निघेल तेव्हा निघायचं, तो थांबेल तिथे थांबायचं, त्याचा कुणी मित्र भेटला तर तास तास त्यांच्या गप्पा ऐकत उन्हात उभं राहायचं आणि वर हसायचं. रस्ता दिसतच नाही. दिसते ती पाठ. सदऱ्यावरचे घामाचे नकाशे, मानेवरचा मस, कॉलरची उसवलेली शिवण. चुलतभावाची पाठ, दूधवाल्याची पाठ, सोसायटीच्या शिपायाची पाठ. पंधरा-सोळा वर्षं मी तालुका पाहिला तो असा, कडेकडेने.

एका संस्थेच्या शिबिरात मला हाताने फिरवायची तीनचाकी सायकल मिळाली होती. हार घातला, फोटो काढला, टाळ्या वाजल्या. घरी आणून मी ती लिंबाखाली लावली ती लावलीच. एकदा गावातून फिरवून आणली तेव्हा लोक मला वाट देऊ लागले, अगदी अंत्ययात्रेला देतात तशी. दुसऱ्या दिवसापासून तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. कृतघ्न म्हणायचं तर म्हणा, पण कुणी दिलं म्हणून प्रत्येक गोष्टीत बसायचं, हे मला जमत नाही.

त्या उन्हाळ्यात आण्णा, म्हणजे माझे वडील, थकलेला पाखऱ्या बैल विकायला बेल्ह्याच्या बाजाराला निघाले. टेम्पोत बैलाशेजारी जागा होती म्हणून मीही गेलो. सोमवारचा बाजार, धूळ, हंबरणं, चुन्यातंबाखूचा वास, उपरण्याखाली बोटं धरून चाललेले सौदे. पाखऱ्या गेला. आण्णांनी त्याच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि घेणाऱ्याने आणलेलं नवं दावं बैलाला बांधू दिलं. आमच्याकडे रीतच आहे. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते. आण्णा नंतर बराच वेळ त्या दाव्याचा पीळ उगाच उलगडत बसले होते.

मी चहाच्या पालाशी काठीवर रेलून उभा होतो. समोर पिवळा पटका बांधलेला एक म्हातारा जुन्या दोन सायलेन्सरवाल्या फटफटीवर बसला. त्याने गिअरचा दांडा आत दाबला, मागे फिरवून उभा केला आणि त्याच दांड्याला लाथ मारली. डाव्या पायाने. गाडी खोकली, धूर ओकली आणि चालू झाली.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तोवर पाहिलेल्या सगळ्या गाड्यांची किक उजवीकडे होती. माझा उजवा पाय, सगळ्या गाड्यांची उजवी किक, विषय संपला, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आणि इथे किक डावीकडे, गिअरही डावीकडे, किक आणि गिअर मिळून दांडाही एकच. जणू कुणी माझ्याच मापाने गाडी शिवली होती.

"बाबा, विकायची का?" मी विचारलं. अजून त्यांचं नावही विचारलं नव्हतं.

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. ते कोंडीबा. बेल्ह्याच्या शिवेवर वस्ती करून राहिलेले, मेंढरांचे व्यापारी. याच गाडीवर पुढ्यात कोकरू घेऊन त्यांनी आसपासचे सगळे बाजार केले होते. आता दोन्ही डोळ्यांत पडदा उतरला होता.

"इकायचीच हाय," ते म्हणाले. "आज बी पोरानं ढकलत आनली. मला आता म्हशीत अन् मोटारीत फरक कळंना. पन पावणं, आदी खोडी ऐका. टाकी गळती. उजेड पडत न्हाई. चढाला धाप लागती. मागला ब्रेक नावाला हाय. नंतर म्हनायचं न्हाई, कोंडीबानं फशिवलं."

मग अगदी जवळ येऊन, वाकून त्यांनी माझा पाय पाहिला. मी वाट बघत होतो, आता येणार ते वाक्य. ते म्हणाले, "डाव्यात जोर हाय ना?"

"हाय."

"मंग झालं की." आणि त्यांनी उपरणं माझ्या हातावर टाकलं. खाली त्यांची राठ बोटं माझी बोटं दाबू लागली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी घेणारा म्हणून व्यवहार करत होतं. आकडा आजही सांगणार नाही. उपरण्याखालची गोष्ट उपरण्याखालीच राहते.

आण्णा धावत आले. सौदा झालेला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. इतक्यात कोंडीबा खाली बसले, पान्ह्याने चाचपत चाचपत त्यांनी गाडीची साखळी उतरवली आणि फडक्यात गुंडाळून काखेत मारली.

"ओ, हे काय करताय?" आण्णा ओरडले. "साखळीबिगर गाडी न्यायची कशी?"

"दावं देत न्हाई आमी," कोंडीबा म्हणाले.

"अवो, ह्ये जनावर हाय का?"

"ईस वर्सं माझ्या दारात बांधली व्हती. आता तुमीच सांगा काय हाय ते." मग त्यांनी हात पुढे करून आण्णांच्या खांद्यावरचं पाखऱ्याचं दावं चाचपलं. "अन् पावणं, ह्ये कुनाचं?"

आण्णांनी दावं खांद्यावर नीट सावरलं आणि गाडीला मागून हात लावला. गाडी टेम्पोत चढवली, जिथे सकाळी पाखऱ्या उभा होता तिथेच. निघताना कोंडीबा म्हणाले, "चालती झाली की मला दाखवाया आन. टेम्पोतनं न्हाई. चालवत."

पुढे तीन आठवडे आण्णा माझ्याशी बोलायचे ते आईमार्फत. भीतीच होती ती, आता बाप झाल्यावर कळते. तेव्हा मला नुसता राग दिसत होता आणि माझ्याकडेही त्याचा तोटा नव्हता.

गाव गाडी बघायला आलं ते जनावर बघावं तसं. कुणी चाक दाबलं, कुणी सीट थोपटली. एकजण म्हणाला, "राव, लंगड्यानं लंगडी आनली." मीही हसलो. मग सगळे गेल्यावर पान्हा घेतला आणि पहिला बोल्ट सोडला.

त्या उन्हाळ्याची मला आठवण येते ती हातांमधून. रॉकेलने फाटलेली बोटं, नखातलं काळं ग्रीस, भाकरीलाही येणारा डिझेलचा वास. नारायणगावच्या भंगारात तशाच एका गाडीचा सांगाडा सापडला. त्यातलं पिस्टन एक माप मोठं निघालं, तर मंचरच्या लेथवाल्या नानांनी माझा सिलिंडर त्या मापाला कातून दिला. साखळीही त्याच सांगाड्यावरची, आठ दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवली तेव्हा तिचे सांधे हलले. डावा सायलेन्सर सडून गेला होता. तसाच एक वळसे मळ्यातल्या विहिरीवरच्या इंजिनाला धुरांडं म्हणून उभा केलेला दिसला. मळेवाल्याला मी दुसरं धुरांडं करून दिलं आणि तो खाली उतरवला.

टाकीची गळती डाग देऊन बुजवली, पण आतून ती गंजाने भरली होती. नानांनी सांगितलं, आत खडे टाकून हलव. पण किती हलवणार? मी तिच्यात नदीतले बारीक गोटे भरले, रॉकेल ओतलं, बूच लावलं आणि आण्णांच्या कांद्याच्या बैलगाडीला ती खालून करकचून बांधली. दोन दिवस आण्णा शेजाऱ्याचा बैल जोडीला घेऊन शेतातून घरी कांदा ओढत होते आणि माझी टाकी त्यांच्याखाली खडखडत होती. त्यांना खडखड ऐकू येत नव्हती असं थोडंच आहे? पण त्यांनी ती सोडली नाही, विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी बूच काढलं तर आतून टाकी लख्ख.

दिव्याची गुंडाळी जळालेली होती. ती मात्र मी कुणाकडे नेली नाही. विहिरीच्या मोटारींतून उरलेली तार होती, तीच पडवीत बसून भरली. बसून केलेल्या त्या कामावर दिवा लागला तेव्हा मी इतका हसलो की आई चुलीपासून उठून आली. कार्बोरेटरचं भोक मात्र काही केल्या मोकळं होईना. तारेने टोकरलं तर भोक मोठं होतं. तेव्हा उरलेल्या बैलाच्या शेपटीचा एक केस उपटला, त्याने मला रीतसर लाथ दाखवली, आणि त्या केसाने भोक साफ झालं. अजूनही मी तेच वापरतो.

राहिला मागचा ब्रेक. तो उजव्या पायात होता, आणि माझ्या उजव्या पायाने कधी मुंगीही दबली नाही. नानांना म्हटलं, पायातला ब्रेक हातात आणून द्या. नाना म्हणाले, "बाळू, एवढं सांगू नको. उद्या तू पडलास तर लोक मला धरतील." त्यांचं खरं होतं. मी घरी आलो, लिंबाखालच्या तीनचाकीकडे पाहिलं. तिला हातातला ब्रेक होता. चांगला, दणकट, लांब केबलचा.

करवत लावली तेव्हा निम्मी आळी गोळा झाली. "अरे, देनाऱ्यानं पुन्याईनं दिलं, अन् ह्यो मोडतोय!" एक म्हातारी तर देवाचं नाव घेऊन निघून गेली. आण्णा ओट्यावर उभे होते. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"पडलास म्हंजी?"

"पडंन," मी म्हणालो. "पडायचं मला नवीन हाय का आण्णा? जल्मल्यापासनं पडतोय. आतापतुर जाग्यावर पडत व्हतो. आता कुटंतरी जाऊन पडंन."

आई पुढे आली, मोडलेल्या तीनचाकीकडे पाहून म्हणाली, "कोंबड्या आता कुटं बसायच्या?" आणि खाली बसून तिने केबलचं दुसरं टोक धरलं. मी सांगेन तसं ताणलं. उजव्या मुठीखाली एकाखाली एक दोन लिव्हर बसले, वरचा पुढच्या ब्रेकचा, खालचा मागच्या. गाडी दिसायला विचित्र झाली. मला ती तेव्हापासून जास्तच आवडू लागली.

शिकलो ते कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात. माती मऊ, वर वाळलेली पात. पहिल्या दिवशी तीनदा पडलो, तिन्ही वेळा उजवीकडे, कारण थांबताना गाडी जरा तिकडे कलली की धरायला पायच नाही. चौथ्या वेळी थांबण्याआधीच अंग डावीकडे टाकलं आणि उभा राहिलो. आजही मी चौकात तसाच थांबतो. अनोळखी माणसाला वाटतं, हा आता पडणार.

दुसऱ्या दिवशी वावरात आण्णा आले. हातात पाखऱ्याचं दावं. नवा गोऱ्हा जुंपायला शिकवताना मागून दोर धरतात, तसं त्यांनी ते दावं गाडीच्या मागच्या कॅरिअरला बांधलं आणि दुसरं टोक मुठीत धरून म्हणाले, "हान." मी हाकली. साठीचा माझा बाप धोतर खोचून दाव्यामागे ढेकळांतून पळत होता, "हळू! हळू, बाळ्या!" म्हणत होता. दावं धरून दोन सायलेन्सरांची गाडी थांबत नसते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी रोज यायचे. एक दिवस बांधापाशी वळताना मागून आवाज आला नाही. पाहिलं तर आण्णा वावराच्या दुसऱ्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे, आणि दावं माझ्यामागे मातीत मोकळं फरफटत होतं.

वैशाखात मी बेल्ह्याला निघालो. एकटा. नारायणगाव गेलं, आळेफाटा गेला. पुढे पाठ नव्हती. होतं ते सगळं अंगावर येत होतं, ऊन, ट्रक, धूळ, डांबराचा वितळलेला वास, आणि एका टेकाडावरून अचानक दिसलेला सगळा मुलूख. चढाला गाडीला धाप लागली तेव्हा मी तिला म्हणालो, चल ग, आपल्याला कोण बसा म्हणतंय बघू. रडत होतो की वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, ते मी तपासलं नाही.

कोंडीबा वस्तीवर बाजेवर बसले होते. मी पोचण्याआधीच आवाज ऐकून उभे राहिलेले. "आली का ग?" ते गाडीला म्हणाले, मला नाही. डोळे आता पुरते गेले होते. त्यांनी हाताने सगळी गाडी पाहिली. टाकी, दिवा, नवी साखळी. मुठीखालच्या दुसऱ्या लिव्हरपाशी बोटं थांबली. मी तीनचाकीची हकीकत सांगितली तेव्हा ते इतके हसले की मेंढरं बुजली. मग आत जाऊन त्यांनी फडक्यात गुंडाळलेली जुनी साखळी आणून दाखवली. मेंढरांच्या दोरांबरोबर खुंटीला टांगलेली होती.

"देनार न्हाई हां," ते म्हणाले.

"मागत न्हाई बाबा."

"आनलं कुनी तुला?"

"कुनी न्हाई. एकटाच आलो."

"एकटाच?" त्यांनी पुन्हा विचारलं. सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, खाली बसा. उन्हात उबं ऱ्हाऊ नगा."

"बगितलंस?" कोंडीबा मला म्हणाले. "डोळं गेलं अन् समदी मला बसा म्हनाया लागली. बसा. बाजंवर बसा. सावलीला बसा. आज सोमवार हाय का न्हाई?"

"सोमवार हाय."

"मंग मला बाजाराला ने."

सून नको नको म्हणत असताना त्यांनी चाचपत टांग टाकली आणि मागे बसले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. तोवर माझ्यामागे कधी कुणी बसलंच नव्हतं. खांद्यावर पडलेलं ते वजन मला अजून कळतं. मी दांडा आत दाबला, मागे फिरवला, डाव्या पायाने लाथ मारली. गाडी चालू झाली.

"मला कायबी दिसत न्हाई," ते कानाशी म्हणाले. "म्होरं काय काय हाय ते सांग."

मागे बसलेल्या माणसाला पुढचं कुणी सांगत नाही. मला तर कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला लागलो. पुढं कांद्याचा ट्रॅक्टर चाललाय, पार वरपर्यंत भरलेला. डावीकडं मेंढरं बसलीत, कुणाची ते नाही कळत. एक बाई डोक्यावर हारा घेऊन चाललीय, तिनं आपल्याकडं वळून पाहिलं. रस्ता मोकळा आहे.

"अन् म्होरं?" कोंडीबा म्हणाले.

मी गिअर टाकला आणि सांगत गेलो.